लॉरा आरएस १.८ टीएसआय : चेन टेन्शनर नुसता बदलू की सगळा सेटच?

घाटावरचा

मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाका. दिवाळीच्या आधी २०१२ ची स्कोडा लॉरा आरएस घेतली, सेकंड हँड, सहा गिअरची मॅन्युअल. १.८ टीएसआय, १६० पीएस, २५० एनएम. म्हणजे बाहेरच्या देशात याच गाडीची जी खरी व्हीआरएस (वेगवान आवृत्ती) मिळायची ती ही नव्हे हे माहितेय, तिथे २.० लीटरचं इंजिन होतं, पण गाडी आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली आहे आणि ताम्हिणीत तिसऱ्या गिअरमध्ये जे काय खेचते त्याला तोड नाही, त्यामुळे त्यावरून वाद नको.

तर मुद्दा असा की इंजिन आत्ता एकदम गोड चालतंय, सकाळच्या पहिल्या सेल्फला पण कसला आवाज नाही. पण या ईए८८८ (फोक्सवॅगन-स्कोडाचं हे इंजिन कुटुंब) च्या पहिल्या दोन पिढ्यांच्या टायमिंग चेन टेन्शनरबद्दल (पिस्टन फिरवतात त्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारे कॅम फिरवणारी चेन ताणून धरणारा भाग) इतकं वाचलं की झोप उडाली. परवा लिफ्टवर घेऊन खालच्या टायमिंग कव्हरचं रबरी बूच काढलं, आरसा आणि टॉर्च लावून बघितलं तर आत जुन्या घडणीचाच टेन्शनर आहे. आधीच्या मालकाने कधी बदललेला नाही.

माझा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो आवाज नाही तर हात लावू नका, चालती गाडी कशाला उघडायची. दुसरा म्हणतो नुसता टेन्शनर टाका, स्वस्तात होईल. तिसरा म्हणतो चेन, गाईड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या), सगळंच करा. नंतर स्टेज वन रिमॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करायचा विचार आहे, म्हणून आधी हा विषय संपवायचाय. काय करू?

सातवा_गिअर

आधी मॅप मार भाऊ, बाकी नंतर 😄 स्टेज वनला दोनशेच्या वर जाते ही गाडी, मग कळेल काय चीज घेतलीयेस ते.

रिकामटेकडा

आणि टेन्शनर गेला की परत सांग, आम्ही आहोतच दुःखात सहभागी व्हायला.

नटबोल्ट

धागा चांगला काढलास, सविस्तर लिहितो, कारण "आवाज नाही तर हात लावू नका" हे इतर बऱ्याच इंजिनांना चालतं, इथे चालत नाही.

टेन्शनरच्या आत एक पिस्टन असतो, तो गाईडला ढकलतो आणि गाईड चेनला ताणून धरतं. इंजिन चालू असताना मागून ऑईल प्रेशर असतं त्यामुळे काही प्रश्न नाही. इंजिन बंद केलं की प्रेशर उतरतं, मग पिस्टन मागे जाऊ नये म्हणून स्प्रिंग आणि दातेरी खाचांचा अडसर असतो. जुन्या टेन्शनरमध्ये (०६एच १०९ ४६७ एन हा नंबर सगळ्यात जास्त दिसतो) हा अडसरच दगा देतो. तो सुटला की पिस्टन आत बसतो, चेन ढिली पडते, आणि पुढच्या सेल्फला प्रेशर तयार व्हायच्या आधीच्या त्या क्षणभरात चेन दात सोडून उडी मारते. टायमिंग सुटलं की या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर ठरलेली, मधे जागाच नाही. म्हणजे हेड उतरवा, व्हॉल्व्ह बदला, नशीब वाईट असेल तर पिस्टन पण.

आता आवाजाचं. काही गाड्या थंड सेल्फला दोन-तीन सेकंद खडखड करून आधी सांगतात. ज्यांची वाजते ते नशीबवान. बऱ्याच जणांची रात्री बंद करताना ठणठणीत असते आणि सकाळी उभी ती उभीच. अडसर हळूहळू झिजून सांगून-सवरून जातोच असं नाही, एका झटक्यात पण जातो. त्यामुळे आवाजाची वाट बघणं हा काही प्लॅन नाही.

सुधारित टेन्शनर आहे ०६के १०९ ४६७ के. अडसराची घडण बदललेली आहे, बुचातून बघितलं आणि दोन्हींचे फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. तुझ्या गाडीत जुना आहे म्हणतोस, मग बदल. हा प्रश्न इथेच संपला. नुसता की सेट हे संध्याकाळी लिहितो, आत्ता एक गाडी लिफ्टवर आहे.

नाशिकची_सुपर्ब

वाचतेय. आमच्याकडे २०१० ची सुपर्ब १.८ टीएसआय आहे, डीएसजी (दोन क्लचची ऑटोमॅटिक). तिलापण हेच लागू आहे का? नवरा म्हणतो हे फक्त फास्ट चालवणाऱ्यांचं दुखणं.

नटबोल्ट

ताई, इंजिन तेच कुटुंब. जोरात चालवण्याशी याचा फार संबंध नाही, उलट सेल्फ जितके जास्त वेळा मारले जातात तितका धोका जास्त. दळण आणायला, मुलांना सोडायला दिवसातून सतरा वेळा चालू-बंद होणारी गाडी हायवेवरच्या गाडीपेक्षा जास्त जोखमीत. बूच काढून बघून घ्या, फार खर्चाचं काम नाही ते.

जुनाखेळाडू

नटबोल्टशी शंभर टक्के सहमत. माझा किस्सा सांगतो, गाडी दुसरीच होती, तिचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. सकाळी खर्रर्र आवाज यायचा, दाखवायला नेली तर म्हणे साहेब पेट्रोलमध्ये भेसळ असेल, पंप बदला. पंप बदलला, काही फरक नाही. पुन्हा नेली तर म्हणे नॉर्मल आहे, या मॉडेलला असतोच. मग एक दिवस लोणावळ्याला हॉटेलखाली सेल्फ मारला तर सेल्फ एकदम हलका फिरला, घुर्रर्र करत, अडकल्यासारखा नाही तर मोकळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेल्फ असा हलका फिरला तर पुन्हा पुन्हा मारू नका. कॉम्प्रेशनच राहिलेलं नसतं म्हणून तो मोकळा फिरतो, तुम्ही मारत राहिलात तर उरलेसुरले व्हॉल्व्ह पण वाकवाल. टो करा आणि आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, मग बाकीचं बोला.

घाटावरचा

बापरे. नटबोल्ट, संध्याकाळची वाट बघतोय. तोवर गाडी चालवू का उभी ठेवू? सोसायटीतलं पार्किंग उताराचं आहे, गिअरमध्ये टाकूनच लावतो.

नटबोल्ट

अरे हे आधी सांगायला हवं होतंस!! गिअरमध्ये टाकणं आजपासून बंद.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय शिकवतात, गाडीचं नाक चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. बाकी गाड्यांना बरोबर आहे. पण नीट विचार कर, नाक वर आणि पहिला गिअर, गाडी मागे सरकायला बघते, म्हणजे इंजिन उलटं फिरायला बघतं. नाक खाली आणि रिव्हर्स, गाडी पुढे सरकायला बघते, गिअर उलटा, म्हणजे परत इंजिन उलटंच. दोन्हीकडे उलटं! आणि क्रँक उलटा ओढला गेला की चेनची जी बाजू एरवी सैल असते तीच ताणली जाते, ती थेट टेन्शनरच्या पिस्टनला आत ढकलते. इंजिन बंद, ऑईल प्रेशर शून्य, सगळा भार त्या एका अडसरावर. या इंजिनाचा टेन्शनर मारायचाच असेल तर याहून सोपा उपाय नाही.

हँडब्रेक नीट ॲडजस्ट करून घे, चाकाखाली लाकडाचा ठोकळा किंवा वीट लाव. बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू करायची नाही, आणि रिव्हर्समध्ये धक्का तर अजिबात नाही. जंपर लाव. टो करताना न्यूट्रल.

नाशिकची_सुपर्ब

डीएसजीला पी (पार्क) मध्ये लावली तर?

नटबोल्ट

पी मध्ये गिअरबॉक्समधला खटका चाकं अडवतो आणि तुमच्या सात गिअरच्या ड्राय क्लचवाल्या डीएसजीत इंजिन बंद असताना क्लच सुटलेले असतात, त्यामुळे इंजिनावर ताण जात नाही. त्या बाबतीत निर्धास्त राहा. टेन्शनर मात्र बघाच.

स्टुटगार्टकर

इकडून थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे.

चेन टेन्शनर बदलून घ्यायची परंपरा जुनी आहे. एअर कूल्ड पोर्शे ९११ ला १९८३ पर्यंत बंदिस्त टेन्शनर असायचे, आतलंच ऑईल आतल्या आत, ते गळलं की टेन्शनर बसला आणि चेन मोकळी. १९८४ च्या मॉडेलपासून ३.२ करेराला इंजिनाच्या ऑईल प्रेशरवर चालणारे टेन्शनर आले. मग जुन्या ९११ वाल्यांनी तेच करेरा टेन्शनर आपल्या गाड्यांना बसवायला सुरुवात केली, नवीन कव्हर आणि ऑईलच्या दोन नळ्या टाकून. आज इकडे जुनी ९११ विकायला निघाली की लोक पहिल्यांदा विचारतात टेन्शनर बदललेत का. ज्यांना तेवढा खर्च नको होता ते टेन्शनर बसला तरी चेन फार ढिली होऊ नये म्हणून एक कॉलर लावायचे. म्हणजे इतक्या नावाजलेल्या इंजिनाला पण हेच दुखणं होतं, त्यामुळे लॉरा घेऊन फसलो वगैरे मनात आणू नकोस.

आणि गंमत बघा, ईए८८८ च्या आधीच्या २.० टीएफएसआयला (ईए११३) टायमिंग बेल्ट होता, मागे दोन कॅमच्या मधे फक्त एक छोटी चेन. जुनी एस३ आणि सहाव्या पिढीची गोल्फ आर शेवटपर्यंत त्या बेल्टवाल्या इंजिनावरच राहिल्या. आपल्याकडे आलेली पहिली ऑक्टाव्हिया आरएस, ती १.८ टर्बो वीस व्हॉल्व्हवाली, ती पण बेल्टचीच. बेल्ट ठरावीक काळाने बदलायचा हे लोकांच्या डोक्यात पक्कं असतं. चेन आली की "लाइफटाइम" म्हणून सगळे निवांत झाले, आणि तिथेच गोची झाली. अमेरिकेत या टेन्शनरवरून मालकांनी एकत्र येऊन दावा लावला, न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात, २०१८ मध्ये तडजोड मंजूर झाली. तिकडच्या मालकांना वाढीव वॉरंटी वगैरे मिळाली. आपल्याकडे आपलं आपणच बघायचं.

सातवा_गिअर

माहितीबद्दल +१. पण रिमॅपने टेन्शनरवर लोड वाढतो का खरंच? ट्यूनरवाले म्हणतात काही फरक पडत नाही.

स्टुटगार्टकर

टॉर्क वाढला म्हणून चेनवरचा भार त्याच प्रमाणात वाढत नाही, चेन चाकं फिरवत नाही, कॅम फिरवते. कॅमवर भार असतो व्हॉल्व्ह स्प्रिंगचा आणि शिवाय हाय प्रेशर फ्युएल पंपाचा, तो कॅमशाफ्टवरच्या चार उंचवट्यांवर चालतो. मॅपमध्ये इंधनाचं प्रेशर आणि आरपीएमची मर्यादा वाढवली तर थोडा वाढतो. खरा फरक ऑईल तापण्यातून आणि पातळ होण्यातून पडतो. आणि मुख्य म्हणजे मॅप केलेली गाडी माणूस तशीच चालवतो. त्यामुळे क्रम आधी चेन मग मॅप, उलटा नको.

नटबोल्ट

चला, आता नुसता की सेट.

टेन्शनर स्वतः फार महाग नाही. पण त्याच्यापर्यंत पोचायला काय करावं लागतं बघा. इंजिनाला खालून किंवा वरून आधार, उजवं माउंटिंग सोडायचं, ऑईल काढायचं, पुली काढायची, वरचं कव्हर, मग खालचं कव्हर. खालचं कव्हर पत्र्याचं, सिलिकॉनने चिकटवलेलं, ते काढताना वाकतंच, म्हणून नवीन धरूनच चाला, ठोकून सरळ करून लावलेलं कव्हर पुढे ऑईल गाळतं. एवढं सगळं उघडून लाखभर किलोमीटरची जुनी चेन आणि झिजलेले प्लॅस्टिकचे गाईड परत आत ठेवायचे आणि बाहेर यायचं? माझ्या मते तो पैसा वाचवणं नाही, मजुरी दोनदा भरणं आहे. ताणलेली चेन असेल तर नवा टेन्शनर पहिल्या दिवसापासून बराच बाहेर आलेला असतो, मग त्याच्याकडे पुढे उरतं किती.

चेन ताणलीय का हे उघडण्याआधी कळू शकतं. व्हीसीडीएस (गाडीला लॅपटॉप जोडून आतले आकडे वाचायचं सॉफ्टवेअर) असलेल्या कुणाकडे तरी जा, मेझरिंग ब्लॉक ९३ मध्ये फेज पोझिशन (क्रँकच्या तुलनेत कॅम किती सरकलाय) बघ, आयडलिंगला आणि इंजिन गरम झाल्यावर. शून्याच्या जवळ असेल तर ठीक, जितकी लांब सरकत गेली तितकी चेन लांबलेली. पी००१६ कोड (क्रँक आणि कॅमचं टायमिंग जुळत नाही) आला असेल तर मग बोलायलाच नको, गाडी बंद करून टो.

माझी यादी अशी: टेन्शनर, मुख्य चेन, तिचे गाईड, खालचं कव्हर, वरच्या कव्हरचं गॅस्केट, पुढचं क्रँक ऑईल सील, पुलीचा बोल्ट (तो ताणून बसणारा असतो, पुन्हा वापरायचा नाही), ऑईल आणि फिल्टर. कॅमच्या पुढच्या बाजूला जो ब्रिज असतो त्याच्या आत एक बारीक जाळी असते, ती सुटून ऑईलच्या वाटेत जाते असा या इंजिनाचा दुसरा रोग आहे, जाळी जागेवर आहे का बघायचंच, नसेल तर ब्रिज नवीन आणि ती जाळी कुठे गेली ते शोधल्याशिवाय इंजिन परत जोडायचं नाही. बॅलन्स शाफ्टची चेन मागे असते, मुख्य चेन काढल्याशिवाय तिच्याकडे जाता येत नाही, बजेट असेल तर ती पण. ऑईल पंपाच्या छोट्या चेनला मी सहसा नुसतं बघतो.

आता कुणाकडे करून घ्यायचं. मेकॅनिकला फक्त एक प्रश्न विचार, कॅम ॲडजस्टरचा कंट्रोल व्हॉल्व्ह कोणत्या बाजूला सुटतो? तो उलट्या आट्याचा असतो आणि त्याला स्पेशल टूल लागतं. जो "नेहमीसारखा" म्हणाला तिथून गाडी काढ, तो पाना लावून तोडणार. दुसरं, क्रँक लॉक करायचं आणि पुली काढल्यावर खालचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) धरून ठेवायचं टूल त्याच्याकडे आहे का. पुलीचा बोल्ट १५० एनएम आणि वर ९० अंश, तो बोल्टच स्प्रॉकेटला क्रँकवर दाबून धरतो, इथे अंदाजपंचे चालत नाही. ब्रिजचे बोल्ट याच्या बरोब्बर उलट, ९ एनएम, नाजूक, जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे गेले.

रिकामटेकडा

दंडवत घ्या नटबोल्टशेठ. मी अल्टोवाला आहे तरी सगळं वाचलं, आता सोसायटीत ज्ञान वाटणार.

जुनाखेळाडू

पार्टच्या बाबतीत एक. ऑनलाइन अर्ध्या किमतीत "सुधारित" म्हणून जे मिळतं त्यात काय वाटेल ते निघतं. पाकिटावर के लिहिलंय म्हणून आत के असतोच असं नाही. ओरिजिनल घ्या नाहीतर कंपनीला पुरवठा करणाऱ्या बड्या ब्रँडचा, बिलासकट. हा पार्ट पैसे वाचवायचा नाही.

घाटावरचा

सगळ्यांचे आभार. ब्लॉक ९३ बघितला, थोडी सरकलेली आहे, घाबरण्यासारखी नाही. तरी पूर्ण सेट करायचं ठरवलं, बॅलन्स शाफ्टची चेन पण टाकतोय कारण तिथवर पुन्हा जायची इच्छा नाही. नेहमीच्या मेकॅनिकला उलट्या आट्याचं विचारलं तर तो हसायला लागला आणि म्हणाला तुम्हाला कोण भडकवतंय 😂 भोसरीत एक जण मिळाला ज्याने मी विचारायच्या आधीच टूल काढून दाखवलं. पार्ट आले की गाडी देतो.

नटबोल्ट

छान. एक राहिलं. जुनी चेन उतरवायच्या आधी त्याला सगळीकडे पेंटच्या खुणा करायला सांग. नव्या चेनवर रंगीत कड्या असतात त्या कॅमच्या आणि क्रँकच्या खुणांशी जुळवायच्या. बसवून झालं की पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने, सरळ दिशेने, दोन पूर्ण फेरे द्यायचे. कुठे अडलं तर तिथेच थांबायचं. फेऱ्यांनंतर रंगीत कड्या खुणांशी जुळणार नाहीत, त्यावरून घाबरून परत उघडू नका, त्या लवकर जुळत नसतातच. पहिल्या सेल्फला थोडी खडखड येईल, ऑईल भरेपर्यंत, ती चालते.

घाटावरचा

झालं एकदाचं! गाडी परवा मिळाली. फोटो नंतर टाकतो, आत्ता फोनवरून लिहितोय.

जुना टेन्शनर हातात घेऊन बघितला, अडसर शाबूत होता पण अंगठ्याने जोर दिला तर किंचित मागे सरकल्यासारखा वाटला, नव्याला तसं अजिबात होत नाही. गाईडवर चेनच्या दोन खोल रेघा. जुनी आणि नवी चेन शेजारी शेजारी टांगली तर जुनी जराशी लांब, डोळ्यांना दिसेल इतकी. ब्रिजमधली जाळी जागेवर होती, तेवढंच नशीब. मी दिवसभर तिथेच स्टूल टाकून बसलो होतो, मिस्त्री आधी वैतागला, मग दोघांनी मिळून वडापाव खाल्ला आणि गट्टी झाली.

सेल्फ मारला, दोन सेकंद खर्रर्र, मग शांत. ब्लॉक ९३ पुन्हा बघितला, जवळजवळ शून्यावर आला. कमी आरपीएमला उचल पण जरा सुधारल्यासारखी वाटतेय, का नुसतं मनाचे खेळ?

स्टुटगार्टकर

खेळ नसावेत. चेन लांबली की कॅमचं टायमिंग मागे पडतं, ते जागेवर आलं की खालचा टॉर्क थोडा परत येतो.

नाशिकची_सुपर्ब

अभिनंदन! आमची बघून घेतली, आधीच्या मालकांनी नवीन घडणीचा टाकलेला निघाला. आता नवरा म्हणतोय बघ मी म्हणालो होतो ना काही नसेल. ऑईल कोणतं वापरताय सगळे? सर्व्हिसवाला काहीही ओततो असं वाटतं.

नटबोल्ट

व्हीडब्ल्यू ५०२.०० मंजुरीचं ५डब्ल्यू-४०, डब्यावर नंबर वाचूनच घ्या. साधारण ४.६ लीटर बसतं. मॅन्युअलमध्ये १५,००० किमी लिहिलंय, आपल्या ट्रॅफिकमध्ये आणि धुळीत मी आठ हजारालाच बदलायला सांगतो. दुसऱ्या पिढीची इंजिनं ऑईल पितात, तेव्हा महिन्यातून एकदा डिपस्टिक बघा, लेव्हल खाली गेली की टेन्शनरला मिळणारं प्रेशर पण डळमळतं.

सातवा_गिअर

मग? मॅप कधी??

घाटावरचा

थोडं रनिंग होऊ दे, एकदा ऑईल बदलतो, मग प्लग आणि कॉईल नवीन टाकून जाऊ. येतोस का बरोबर? पार्किंगला ठोकळा मी आणतो.